वजन उचलण्याची रीत व तिची नोंद

व्यायाम करावा, शरीर बळकट करावें, हा उपदेश आमच्या वाचकांनीं घरीं व शाळेंत इतक्या वेळां ऐकला असेल कीं, तोच पुन्हां येथें करण्याचें प्रयोजन नाहीं. हल्लीं मोठ्या शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गांवींहि जिम निघाल्या आहेत. संध्याकाळीं वरच्या वर्गांतले विद्यार्थी तेथें जातात, व कांहीं विद्यार्थिनीहि जाऊं लागल्या आहेत. ही गोष्ट समाधानाची आहे. परंतु त्यांपैकीं कोणासहि, "तीन महिन्यांपूर्वीं तूं किती वजन किती वेळां उचलीत होतास, आणि तें कसें उचलीत होतास?" असें विचारून पाहावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर अदमासानें मिळतें. दुसऱ्याचें बहुधा मिळतच नाहीं. गणिताचा विद्यार्थी वही ठेवतो, प्रयोगशाळेंतला विद्यार्थी प्रत्येक प्रयोग लिहून ठेवतो, दुकानदार रोजचा जमाखर्च मांडतो. मग आपल्याच शरीरावर जो प्रयोग आपण महिनोन्महिने करतों, त्याची नोंद कां नसावी? आणि नोंद ठेवावयाची तर ती कशाची ठेवावी? या लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, शक्ति वाढविण्याच्या व्यायामांत आंकडा आणि रीत हीं दोन्हीं एकत्र लिहिलीं पाहिजेत. रीत सोडून नुसता आंकडा लिहिला तर तो हिशेब खोटा होतो, आणि त्या खोट्या हिशेबाची किंमत शेवटीं पाठीस, खांद्यास किंवा गुडघ्यास द्यावी लागते.

प्रथम आंकड्याचा विचार करूं. ख्रिस्तपूर्व सहाव्या शतकांत क्रोटोन या ग्रीक वसाहतींत मिलो नांवाचा एक नामांकित मल्ल होऊन गेला. त्याच्याविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, तो एक वासरूं रोज खांद्यावर घेऊन चालत असे. वासरूं वाढत गेलें तसतशी मिलोची शक्तिहि वाढत गेली, आणि शेवटीं तो पुरा वाढलेला बैल उचलूं लागला. आख्यायिका ती आख्यायिकाच. परंतु तिच्यांतलें तत्त्व खरें आहे. शरीरावर जेवढें काम पडतें तेवढ्यास तें तयार होतें. काम बेताबेतानें वाढविलें तर शक्तिहि बेताबेतानें वाढते. मात्र या गोष्टींतली एक बाब सहसा कोणी लक्षांत घेत नाहीं. मिलोचें वासरूं आपण होऊन वाढत होतें. जिममधली लोखंडी प्लेट आपण होऊन वाढत नाहीं. ती केव्हां वाढवावी व किती वाढवावी हें उचलणारास ठरवावें लागतें. आणि तें ठरविण्यास मागचा हिशेब हाताशीं असावा लागतो.

या तत्त्वास शास्त्राचें रूप आलें तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत. अमेरिकेच्या सैन्यांतले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांच्याकडे गुडघ्यास दुखापत झालेले शिपाई उपचारासाठीं येत. अशा रोग्यांस हलकें वजन देऊन पुष्कळ वेळां पाय हालविण्यास सांगावें, अशी त्या वेळची वहिवाट होती. डीलॉर्म हे स्वतः लहानपणीं संधिवाताच्या तापानें अंथरुणास खिळले होते, व पुढें वजनें उचलून त्यांनीं गेलेली शक्ति परत मिळविली होती. त्यांनीं शिपायांस जड वजन देण्यास आरंभ केला. पण तें मोजून, अंदाजानें नव्हे. १९४५ सालीं त्यांनीं आपली पद्धत प्रसिद्ध केली. जें वजन रोगी दहा वेळां उचलूं शकतो, पण अकराव्या वेळीं उचलूं शकत नाहीं, तें त्याचें माप मानावयाचें, आणि शक्ति वाढेल तसतसें हें माप पुन्हां पुन्हां घ्यावयाचें. पुढें १९४८ सालीं त्यांनीं व आर्थर वॉटकिन्स यांनीं ती पद्धत सोपी केली: मापाच्या निम्म्या वजनानें दहा वेळां, पाऊण वजनानें दहा वेळां, व शेवटीं पूर्ण वजनानें दहा वेळां. ज्याचें माप २० किलो, त्यानें १०, १५ व २० किलो अशा चढत्या क्रमानें तीन फेऱ्या कराव्या. आज जिममध्यें जो तो "दहाचे तीन सेट" म्हणत असतो, त्याचें मूळ येथें आहे. त्या रुग्णालयांत वजनांइतकेंच काम मोजमापानेंहि केलें, हें विसरूं नये.

आतां रीतीकडे वळूं. वजन उचलण्याच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत तीन पंच बसतात. लोखंड डोक्यावर गेलें म्हणजे काम झालें असें तेथें मानीत नाहींत. हात सरळ झाल्यावर कोंपरें पुन्हां वांकलीं, किंवा वजन वर स्थिर होण्यापूर्वींच खालीं टाकलें, तर पंच तांबडा दिवा लावतात. तिघांपैकीं दोघांचा दिवा पांढरा असेल तरच तो प्रयत्न ग्राह्य धरला जातो. नाहीं तर कागदावर त्या वजनाची किंमत शून्य. वाचकांस वाटेल, हा केवळ खेळाचा नियम आहे. परंतु रीतीचें माप घेतां येईनासें झालें तेव्हां एक सबंध प्रकारच सामन्यांतून काढून टाकावा लागला, असें उदाहरण आहे. पूर्वीं ऑलिंपिकमध्यें स्नॅच व क्लीन ॲण्ड जर्क या दोन प्रकारांबरोबर प्रेस हा तिसरा प्रकार असे. त्यांत खांद्यापाशीं आणलेलें वजन केवळ हातांच्या बळानें वर ढकलावयाचें असे. पण अधिक आंकडा गांठण्यासाठीं खेळाडू कंबरेंत मागें वांकूं लागले. वांकण्याचें प्रमाण इतकें वाढलें कीं, सरळ उभें राहून ढकलणें कोणतें आणि वांकून ढकलणें कोणतें, याचा निवाडा पंचांस करतां येईना. शिवाय कंबरेस धोका होता तो वेगळाच. शेवटीं १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकनंतर हा प्रकार बंद करण्यांत आला. आंकडे वाढत होते, पण ते कशाचे आंकडे आहेत हेंच कळेनासें झालें होतें.

दुसरें उदाहरण आपल्याच देशांतलें व अलीकडचें आहे. मणिपूरच्या मीराबाई चानू २०१६ सालीं रीओ येथील ऑलिंपिकमध्यें उतरल्या. तेथें क्लीन ॲण्ड जर्कमधले त्यांचे तिन्ही प्रयत्न फसले, आणि त्यामुळें त्यांच्या नांवापुढें एकूण वजन लागलेंच नाहीं. शक्ति नव्हती असें कोण म्हणेल? पुढच्याच वर्षीं त्या जागतिक अजिंक्यपदाच्या मानकरी ठरल्या. तरीहि पाठ व खांदा यांचा त्रास त्यांस होतच होता. २०२० सालच्या अखेरीस त्या अमेरिकेस गेल्या, आणि एका तज्ज्ञाच्या हाताखालीं खांद्याच्या हालचालींतला दोष शोधून तो दुरुस्त करण्याचें काम त्यांनीं केलें. नंतर एप्रिल २०२१ मध्यें ताश्कंद येथें त्यांनीं क्लीन ॲण्ड जर्कमध्यें ११९ किलो उचलून त्या वेळचा जागतिक उच्चांक केला, व त्याच वर्षीं टोकियो येथें ८७ आणि ११५ मिळून २०२ किलो उचलून रौप्यपदक मिळविलें. जगज्जेत्या खेळाडूस आपली रीत पुन्हां तपासण्यांत कमीपणा वाटला नाहीं. मग शाळेंतल्या मुलानें कां संकोच करावा?

रीतीस एवढें महत्त्व कां, हें पदार्थविज्ञानांतल्या तरफेच्या धड्यावरून समजतें. घरांतला भरलेला गॅसचा सिलिंडर घ्या. त्यांत १४.२ किलो गॅस असतो, व टांकीसह त्याचें वजन सुमारें ३० किलो भरतें. हा सिलिंडर अंगाशीं धरला तर तो पाठीच्या कण्यापासून सुमारें ३० सेंटिमीटरांवर राहतो असें समजूं. तोच कंबरेंत वांकून, हात लांब करून उचलला तर हें अंतर ६० सेंटिमीटर होईल. पहिल्या वेळीं गुणाकार ९००, दुसऱ्या वेळीं १८००. हा भार तोलून धरणारे पाठीचे स्नायु कण्याच्या मागें सुमारें पांच सेंटिमीटरांवरच असतात. म्हणून त्या स्नायूंस पहिल्या वेळीं १८० किलोंच्या भाराइतका व दुसऱ्या वेळीं ३६० किलोंच्या भाराइतका जोर लावावा लागतो. यांत उचलणाराच्या स्वतःच्या धडाचें वजन धरलेलेंच नाहीं. सिलिंडर तोच, माणूस तोच. फरक पडला तो रीतीचा, आणि पाठीवरचा भार दुप्पट झाला. जो मुलगा मित्रांच्या देखत दहा किलो अधिक लावतो, व तें वजन पाठ कमानीसारखी वांकवून कसेंबसें उचलतो, त्यानें आपली शक्ति वाढविली नाहीं. केवळ कण्यावरचें ओझें वाढविलें.

रीतीचें महत्त्व आणखी एका कारणानें आहे. नव्यानें व्यायाम सुरू करणारास पहिल्या सहा-आठ आठवड्यांत वजन भराभर वाढवितां येतें, पण दंड तितके भरलेले दिसत नाहींत. याचें कारण असें कीं, आरंभीं जी वाढ होते ती मुख्यतः मज्जातंतूंच्या शिक्षणाची असते. कोणता स्नायु केव्हां व किती आखडावयाचा हें मेंदू व मज्जातंतु शिकत असतात. स्नायूंची जाडी मागाहून वाढते. अर्थात् पहिल्या दोन महिन्यांत शरीर जें शिकतें तें धूळपाटीवरच्या पहिल्या अक्षरांसारखें असतें. वळण चांगलें लागलें तर जन्मभर कामास येतें; वांकडें लागलें तर पुढें मोडतां मोडत नाहीं. तालमींत वस्ताद नव्या पोरास आधीं बैठकांची व जोरांची ठेवण शिकवितो आणि मग संख्या वाढवितो, त्यांतलें मर्म हेंच.

तेव्हां नव्या विद्यार्थ्यानें पुढील गोष्टी नीट ध्यानांत धराव्या. बैठक, जीस जिममध्यें स्क्वॉट म्हणतात, ती करतांना पाउलें खांद्याइतकीं रुंद ठेवावीं व चवडे किंचित् बाहेर वळवावे. खालीं जातांना टांचा जमिनीवरून सुटूं देऊं नयेत. गुडघे पायांच्या बोटांच्या दिशेनेंच जावेत. ते एकमेकांकडे आंत झुकले तर वजन जड आहे असें समजावें. खालीं जाण्यापूर्वीं श्वास घेऊन पोट घट्ट करावें, व वर येतांना तो सोडावा. जमिनीवरून वजन उचलतांना, म्हणजे डेडलिफ्ट करतांना, बार नडगीस जवळजवळ लागलेला असावा, पाठ सपाट असावी, आणि कंबर व गुडघे एकाच वेळीं सरळ होत जावेत. वजन डोक्यावर नेतांना कंबरेंतून मागें झुकूं नये. प्रेसची गोष्ट येथें आठवावी. बांकावर उताणें निजून बार ढकलावयाचा असेल, म्हणजे बेंच प्रेस करावयाचा असेल, तर अंगठा बारभोंवतीं घट्ट वळवावा, व डोक्याशीं जोडीदार उभा असल्याशिवाय तो प्रकार कधींहि करूं नये. हात थकून बार छातीवर किंवा मानेवर बसला तर एकट्यास सुटका नसते. हे नियम थोडे आहेत, पण वजन वाढलें कीं पहिल्यानें हेच मोडतात.

आतां वही कशी ठेवावी तें सांगतों. साधी रेघांची वही पुरे. तींत तारीख, व्यायामाचा प्रकार, वजन, प्रत्येक फेरींतली संख्या, आणि शेरा असे पांच रकाने आंखावे. वजन लिहितांना बारचें वजनहि धरावें. सामन्यांत पुरुषांचा बार २० किलोंचा व स्त्रियांचा १५ किलोंचा असतो. पण जिममध्यें हलके बारहि असतात, म्हणून तो एकदां तराजूवर ठेवून पाहावा. एका वेळच्या उचलण्यास जिममध्यें रेप म्हणतात व फेरीस सेट म्हणतात. हेच शब्द लिहिले तरी चालेल. सर्वांत महत्त्वाचा रकाना शेऱ्याचा. त्यांत तीन गोष्टी याव्या: रीत कोठें बिघडली, फेरी संपतांना आणखी किती वेळां उचलतां आलें असतें, आणि आदल्या रात्रीं झोंप किती झाली. समजा, एका विद्यार्थ्यानें असें लिहिलें: "तारीख ५. बैठक. २५ किलो. ९, ८, ८. तिसऱ्या फेरींत शेवटच्या दोन वेळां टांचा सुटल्या. आणखी एकच जमली असती. झोंप ६ तास." ही नोंद लहान आहे, पण बोलकी आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या विद्यार्थ्यानें तिसऱ्या फेरीपुढें ८ न लिहितां ६ लिहावे. तीन पंचांच्या जागीं येथें तो एकटाच पंच आहे. तांबडा दिवा त्यानें स्वतःच लावावयाचा आहे.

स्वतःची रीत स्वतःस दिसावी कशी, असा प्रश्न येईल. आरशांत पाहण्यासाठीं मान वळविली तर रीतच बिघडते. त्यापेक्षां मोबाइल बाजूस, कंबरेच्या उंचीवर ठेवून महिन्यांतून एकदोनदां एका फेरीचें चित्रण करावें, व तें मागील महिन्याच्या चित्रणाशेजारीं ठेवून पाहावें. पाठ, टांचा व गुडघे या तिहींकडेच लक्ष द्यावें. हें चित्रण शिक्षकांस दाखवावें. जगास दाखविण्याची गरज नाहीं. जगाची वाहवा मिळवावी म्हटलें कीं वजन वाढतें व रीत जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

वजन केव्हां वाढवावें याचा एक सोपा नियम आहे. एका फेरींत आठपासून बारापर्यंत जमेल असें वजन निवडावें. तिन्ही फेऱ्यांत बारा बारा वेळां शुद्ध रीतीनें होईपर्यंत तेंच वजन ठेवावें. असें लागोपाठ दोन दिवशीं साधलें म्हणजे सर्वांत लहान प्लेटांची जोडी, बहुधा सव्वा किलोची एक अशा दोन, लावून पुन्हां आठापासून आरंभ करावा. येथें एका गोष्टीनें पुष्कळ मुलें गोंधळतात. २५ किलो बारा वेळां तीन फेऱ्यांत उचलले तर एकूण ९०० किलो झाले. वजन २७.५ केलें व आठ वेळांच्या तीन फेऱ्या झाल्या तर एकूण ६६० च होतात. मुलास वाटतें, आपण मागें पडलों. परंतु दोन महिन्यांपूर्वीं याच विद्यार्थ्याच्या वहींत २५ किलोंच्या आठ वेळां तीन फेऱ्या, म्हणजे ६०० किलो, लिहिलेले आहेत. आठाची तुलना आठाशीं करावी, बाराशीं नव्हे. म्हणजे ६०० चे ६६० झाले हें दिसेल. ही तुलना वहीशिवाय होत नाहीं. लहान वाढीस कोणी हंसूं नये. सांगलीचे संकेत सरगर यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत ५५ किलो वजनाच्या गटांत एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक मिळविलें. सुवर्णपदक मिळविणाराची बेरीज २४९ होती. एका किलोचें मोल किती असतें तें यावरून कळावें.

आपण एका वेळीं जास्तींत जास्त किती उचलूं शकतों, हें पाहण्याचा मोह प्रत्येकास होतो. शाळकरी विद्यार्थ्यानें तो आवरावा. त्यासाठीं जीव पणास लावण्याची गरज नाहीं; गणित पुरे आहे. अमेरिकेंतल्या नेब्रास्का विद्यापीठाचे व्यायामशिक्षक बॉइड एप्ली यांच्या नांवानें एक सूत्र प्रसिद्ध आहे. वजनास उचलण्याच्या संख्येनें गुणावें, तीसांनीं भागावें, व येईल तें मूळ वजनांत मिळवावें. ३० किलो आठ वेळां उचलले तर आठ मिळवून ३८ किलो हा अंदाज निघतो. संख्या दहाच्या आंत असेल तर हा अंदाज बराच जुळतो. दर महिन्यास हा एक आंकडा काढून वहीच्या शेवटच्या पानावर लिहावा. सहा महिन्यांनीं त्याचा आलेख काढावा. भूमितीच्या तासास शिकलेली विद्या येथें कामीं येईल.

आलेख नेहमीं वरच जाईल अशी अपेक्षा मात्र ठेवूं नये. तीन आठवडे आंकडा जागचा हालला नाहीं तर वजन आणखी लादण्यापूर्वीं शेऱ्याचा रकाना वाचावा. तेथें बहुधा उत्तर सांपडतें. तेरापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांस आठ ते दहा तास झोंप लागते. जागरण करून व्यायाम केला तर लाभ अर्धवटच होतो. पोळी किंवा भाकरीबरोबर डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध, चालत असल्यास अंडीं, हें घरचें अन्न बहुतेकांस पुरे आहे. डब्यांतल्या महागड्या भुकट्या विद्यार्थ्यास लागत नाहींत, आणि चोरून मिळणारीं औषधें तर विषासमान मानावीं. झोंप व अन्न ठीक असूनहि प्रगति थांबली तर वजन दहाव्या हिश्श्यानें कमी करून, रीत पुन्हां नीट करीत वर यावें. दहावीच्या परीक्षेसाठीं दोन-तीन आठवडे व्यायाम सुटला तरी असेंच करावें. सोडला तेथूनच धरण्याचा हट्ट करूं नये. दुखण्याचाहि भेद ओळखावा. व्यायामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं स्नायु ठणकतात, व तो ठणका आपोआप जातो. परंतु सांध्यांत तीव्र कळ आली, किंवा पाठींतून पायांत वेदना उतरली, तर त्याच क्षणीं वजन खालीं ठेवावें व वडीलधाऱ्यांस सांगावें. लपविलेलें दुखणें हाहि खोटाच हिशेब होय.

ज्यांच्या गांवीं जिम नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सूर्यनमस्काराचा प्रसार केला; त्यास अंगणांतली चार हात जागा पुरते. जोर, बैठका व नमस्कार यांचीहि वही ठेवतां येते. वजन नसलें तरी काम वाढविण्याचे मार्ग आहेत: खालीं जातांना मनांत तीन आंकडे मोजावे, तळाशीं दोन आंकडे थांबावें, मग वर यावें. शंभर घाईच्या बैठकांपेक्षां अशा पंचवीस बैठका अधिक काम देतात, आणि वहींत त्या पंचवीस म्हणूनच लिहाव्या.

पालकांसहि दोन शब्द सांगावयाचे आहेत. "वजनें उचलल्यानें मुलाची उंची खुंटते" अशी भीति घरोघर ऐकूं येते. योग्य देखरेखीखालीं, बेताच्या वजनानें व शुद्ध रीतीनें केलेल्या व्यायामानें वाढ खुंटते, असें संशोधनांत दिसून आलेलें नाहीं. अमेरिकेंतल्या बालरोगतज्ज्ञांच्या प्रमुख संस्थेनेंहि २०२० सालीं आपल्या अहवालांत अशा व्यायामास अनुकूलच मत दिलें आहे. मुलींच्या बाबतींतहि हेंच खरें. त्यांचीं हाडें व स्नायु बळकट होण्यास हा व्यायाम उपकारकच ठरतो. भीति बाळगावी ती वजनाची नव्हे, तर देखरेख नसण्याची व ईर्ष्येची. म्हणून मूल जिममधून आल्यावर "आज किती उचललेंस?" एवढेंच विचारूं नये. "आज कसें उचललेंस? वही दाखव पाहूं," असें विचारावें. ज्या घरांत दुसरा प्रश्न विचारला जातो त्या घरांतलें मूल पहिल्या प्रश्नाचें उत्तर फुगवून सांगत नाहीं. आठवड्यांतून दोन किंवा तीन दिवस हा व्यायाम पुरे; मधले दिवस विश्रांतीस व मैदानी खेळांस ठेवावे. आणि घरांत सिलिंडर, पोतें किंवा पाण्याचा हंडा उचलावयाचा असेल तेव्हां आई-वडिलांनींहि तो अंगाशीं घेऊन, गुडघे वांकवून उचलावा. मुलें ऐकण्यापेक्षां पाहून अधिक शिकतात.

विद्यार्थिमित्रहो, या वहींत शेजाऱ्याचा आंकडा कोठेंहि येत नाहीं, हें तुमच्या लक्षांत आलें असेल. त्यास जागाच नाहीं. आज लिहिलेल्या ओळीची तुलना करावयाची ती मागील पानावरच्या आपल्याच ओळीशीं. तेथें एक वेळ अधिक, किंवा वजन तेंच पण टांचा जमिनीवर टेकलेल्या, एवढा फरक दिसला तरी तो दिवस कारणीं लागला असें समजावें. आणि ज्या दिवशीं आठाच्या जागीं सहा लिहावे लागतील, त्या दिवशीं ते निःसंकोच लिहावे. तें पान वर्षाअखेरीस उघडून पाहाल, तेव्हां खऱ्या सहांपासून खऱ्या बारांपर्यंतची वाट तुम्हांस त्यांत स्पष्ट दिसेल. आणि ती चालून आलेलें शरीर पाठीस, गुडघ्यास कोठेंहि इजा न होतां तुमच्याजवळ असेल.